सीलबंद खोकी, रिकामी न होणारी खोली आणि ईबेवरचा भाव

पत्र:

ताई, मी मूळचा नाशिकचा, आता न्यू जर्सीत. आयटीत नोकरी, एच-1बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डची रांग चालू आहे. लहानपणी लेगो परवडला नाही, इथे आल्यावर नाद लागला. आधी जोडायला घ्यायचो. मग दुकानातून बंद झालेल्या सेटचे ईबेवरचे भाव पाहिले आणि न फोडता ठेवायला लागलो. आज दुसऱ्या बेडरूममध्ये साठेक सीलबंद खोकी आहेत. मुद्दल नऊ हजार डॉलर, आणि वेबसाइटवरच्या भावाने सोळा हजारांचा माल. 2018 मध्ये 370 डॉलरला एक असे ताजमहालचे दोन सेट घेतले होते, त्यातला एक गेल्या वर्षी 600 ला विकला तेव्हा बरं वाटलं. पण अलीकडे एक सेट लिलावाला लावला. 340 येतील वाटलं होतं, 212 ला गेला. आणखी एक सेट गिऱ्हाइकाने 'सील आधीच उघडलेलं होतं' म्हणून परत पाठवला, आणि आतल्या पिशव्या भलत्याच. डिसेंबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. बायको म्हणते खोली रिकामी कर. भाऊ म्हणतो नाशिकला पाठवून दे, इथे लेगो महाग आहे, विकू. नऊ वर्षांची मुलगी सारखी विचारते, यातलं एक तरी उघडू या का? मी तिला सांगतो, ही तुझ्या कॉलेजची फी आहे. ठेवू की विकू? आणि विकायचं तर लिलावात की ठरावीक भावात?

– खोक्यांत अडकलेला

उत्तर:

दादा, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ओळख करून देताना उरकून टाकलीत. एच-1बीवर ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केला तिचंच काम करण्याची मुभा असते. घरातला जुना सोफा, मुलीला लहान झालेली सायकल, जोडून कंटाळा आलेला सेट विकला तर त्याला कोणी धंदा म्हणत नाही. पण विकण्याच्याच हेतूने माल भरायचा, महिन्याला चार-दोन लिस्टिंग टाकायच्या, खोकी बांधून पाठवायची, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची, हे शेअर घेऊन गप्प बसण्यासारखं नाही. यात तुमची मेहनत आहे आणि मेहनतीची कमाई आहे. परवानगीशिवाय केलेलं काम म्हणून ते कुणी पुढ्यात ठेवलं तर ग्रीन कार्डची सगळी रांग पणाला लागते, आणि कशासाठी, तर शे-दोनशे डॉलरसाठी. पुढची लिस्टिंग टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाची एक बैठक घ्या. आहे तो संग्रह एकदाच मोडायचा आहे, पुन्हा माल भरणार नाही, असं स्वच्छ सांगा आणि तो काय म्हणतो ते लेखी घ्या. बायकोकडे एच-4चं, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरचं, ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर तिला हा व्यवसाय कायद्याने करता येईल. पण मग काम खरोखर तिनेच करायला हवं, आणि या खोक्यांबद्दल तिचं मत काय आहे ते तुम्हीच कळवलंय.

कराचंही याच दमात. 20,000 डॉलर आणि 200 व्यवहार या दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच ईबे विक्रीची रक्कम करखात्याला कळवणारा फेडरल 1099-के फॉर्म पाठवतं, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. काही राज्यांची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली आहे, आणि फॉर्म आला नाही तरी नफ्यावर कर लागतोच. साठाच्या साठ खोक्यांच्या खरेदीच्या पावत्या शोधून एका फोल्डरात टाका. पावती नसेल तर मुद्दल सिद्ध करताना घाम फुटेल.

आता तो बरा वाटलेला ताजमहाल. 370 वर न्यू जर्सीचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स धरला की तो तुम्हाला साडेतीनशेपेक्षा चारशेच्या जवळ, म्हणजे 394 ला पडला. 600 ला विकलात. ईबेची दलाली साधारण साडेतेरा टक्के, आणि ती नुसत्या 600 वर बसत नाही. गिऱ्हाइकाने भरलेलं पोस्टेज आणि त्याच्या बाजूचा सेल्स टॅक्स मिळून जो आकडा होतो त्यावर बसते. म्हणजे नव्वदच्या आसपास तिथेच गेले. बाहेरचं खोकं, बबल रॅप, चिकटपट्टी यांचे दहा धरा. हातात पाचशे. सात वर्षं बेडरूममध्ये जागा अडवून शंभरेक डॉलर, वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आत. कराआधी. एक बेडरूमच्या आणि दोन बेडरूमच्या घरभाड्यात तुमच्या गावात किती फरक आहे तो आकडा मला माहीत नाही, तुम्हाला आहे. तो बारा महिन्यांनी गुणून या शंभराशेजारी लिहा, आणि कागद बायकोला दाखवायची हिंमत झाली तर दाखवा.

सोळा हजार हा आकडा तूर्त विसरा. लोक मागतात ती किंमत वेगळी आणि पडते ती वेगळी. ईबेवर 'सोल्ड आयटम्स'वर खूण करून पाहा. ब्रिकलिंक या लेगोच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव दिसतात. सेट किती नग विकला गेला तेही तिथेच बघा. सहा महिन्यांत दोनच विकले गेले असतील आणि विक्रीला चाळीस पडून असतील, तर तो भाव म्हणजे बाजारात तुरी.

तुमच्या पत्रात जे कुठेच आलेलं नाही ते आता. सीलबंद सेटला भाव येतो तो इतरांनी आपापली खोकी फोडल्यामुळे. 2007 मध्ये कॅफे कॉर्नर हा सेट 140 डॉलरला दुकानात होता. ज्यांनी घेतला त्यांनी जोडला, मुलांनी तोडला, तुकडे डब्यात गेले, खोकं कचऱ्यात. माळ्यावर बंद ठेवायचं फार थोड्यांना सुचलं, म्हणून पुढे बंद नगाला हजारांत भाव आला. आज तुमच्यासारखे किती आहेत ते बघा. तिशी-चाळिशीतले, बऱ्या पगाराचे, सगळ्यांनी त्याच बातम्या वाचलेल्या, सगळ्यांकडे तेच स्टार वॉर्स, त्याच मॉड्युलर (शेजारी शेजारी जोडता येणाऱ्या) इमारती, आणि सगळ्यांनी मनात धरलंय की सेट 'रिटायर' झाला, म्हणजे कंपनीने बंद केला, की दोन वर्षांनी विकायचं. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांचा अभ्यास तुम्हीही वाचला असेल: 1987 ते 2015 मधले दोन हजारांहून जास्त सेट, सरासरी परतावा वर्षाला 11 टक्के. खरं आहे. पण त्याच अभ्यासात काही सेट वर्षाला निम्म्याने पडल्याचंही आहे, आणि तो काळ मुख्यतः खोकी फोडणाऱ्यांचा होता. सगळेच जपून ठेवायला लागले की काय होतं ते 1990 च्या दशकात बीनी बेबीज या मऊ बाहुल्यांनी दाखवलंय. टाय कंपनी त्यातली एकेक बाहुली अशीच 'रिटायर' करायची. लोक कानातल्या कागदी टॅगला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवत आणि ईबेवर विकत. त्यातल्या बहुतेक आज दोन-चार डॉलरला मिळतात, टॅग आणि कव्हरसकट.

आणि कंपनी काही तुमची भागीदार नाही. ताजमहालचंच बघा ना. पहिला, 10189 नंबरचा, 2008 मध्ये 300 डॉलरला आला, 5,922 तुकडे. बंद झाल्यावर सीलबंद नगाचा भाव दोन हजारांच्या वर गेला. 2017 च्या नोव्हेंबरात लेगोने तोच सेट 10256 नंबर देऊन पुन्हा काढला, 5,923 तुकडे, 370 डॉलर. तुम्ही घेतलात तो हा. ज्यांनी पहिला दोन हजारांना विकत घेऊन ठेवला होता, त्यांच्या खोक्याचा भाव पाहता पाहता कोसळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिलेनियम फाल्कन या स्टार वॉर्समधल्या यानाच्या सेटचंही तेच झालं. 2007 चा 500 डॉलरचा फाल्कन जुन्या बाजारात हजारांत चालला होता, तर कंपनीने 7,541 तुकड्यांचा नवा, त्याहून मोठा आणि देखणा फाल्कन 800 ला काढला. बरं, नवा तरी भराभर बंद होईल म्हणून 2017 मध्येच चार-चार नग भरून ठेवणारे होते. तो आठ वर्षांनीही दुकानात मिळतच होता. एखादा सेट कधी बंद करायचा आणि कधी पुन्हा काढायचा, हे डेन्मार्कमधल्या बिलुंडला, लेगोच्या मुख्यालयात बसलेली माणसं ठरवतात. आपल्या हातात फक्त धूळ झटकणं.

म्हणून ठेवू की विकू याला माझं उत्तर: बहुतेक विका. एकाहून जास्त नग असलेला कुठलाही सेट, दुकानात अजून मिळणारा कुठलाही सेट, आणि ज्याच्याकडे बघून तुम्हाला फक्त आकडा आठवतो तो प्रत्येक सेट बाहेर काढा. उरलेला ताजमहाल ठेवावासा वाटत असेल तर ठेवा. तो तुम्ही हौस म्हणून ठेवताय हे मात्र स्वतःशी कबूल करा. दहा-बारा खोकी एका कपाटात बसतात, आणि तेवढ्याला बायको हरकत घेईल असं पत्रावरून तरी वाटत नाही.

लिलावात 212 का आले ते समजून घ्या, कारण त्यात बोली लावणाऱ्यांची चूक नव्हती. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल मर्यादा गुपचूप सांगतो, आणि यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या थोडं वर जाऊन थांबते. शंभर ते अडीचशेच्या टप्प्यात ही पायरी अडीच डॉलरची असते. तुमचा सेट 212 ला गेला म्हणजे बहुधा दुसऱ्याने 209.50 वर हात टेकले. जिंकलेल्याने मनात 400 धरले असतील तरी तुम्हाला 212 च. लिलावात भाव ठरवतो तो हरलेला माणूस. चांगला भाव यायला त्या सेटसाठी हट्टाला पेटलेली किमान दोन माणसं त्याच घटकेला जागी हवीत. नेहमीच्या मॉड्युलर इमारतीचा भाव सगळ्यांना माहीत असतो. त्यावर कोणी जात नाही, खाली मात्र सहज येतं. म्हणून असा माल ठरावीक भावात, 'बाय इट नाऊ' ठेवून आणि लगेच पैसे भरण्याची अट घालून विका. लिलाव राखून ठेवा ज्याचा भाव कोणालाच धड माहीत नाही अशा मालासाठी: दुकानातच खोकं दबलेला जुना सेट, पंचवीस वर्षांपूर्वीचं काहीतरी, मिनिफिगर्सचा, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसांचा ढीग. त्याचा शेवट रविवारी संध्याकाळी येईल असा लावा, बुधवारी दुपारी नाही. बोली शेवटच्या दहा सेकंदांत पडतात आणि त्या वेळी माणसं ऑफिसच्या मीटिंगमध्ये नकोत. आणि भाव चढवायला भावाला नाशिकहून बोली लावायला सांगू नका. ते नियमांच्या विरुद्ध आहेच, कायद्याच्याही.

पोस्टेजचा अंदाज मोठ्या सेटमध्ये हमखास चुकतो. यूपीएस आणि फेडेक्स मोठ्या, हलक्या खोक्याचं वजन काट्यावर बघत नाहीत. लांबी-रुंदी-उंचीच्या इंचांचा गुणाकार 139 ने भागतात. 24 बाय 20 बाय 14 चं खोकं काट्यावर वीस पाउंड भरलं तरी बिल 49 पाउंडांचं येतं. आणि बाहेरचं खोकं हवंच. नुसत्या लेगोच्या खोक्यावर पत्ता चिकटवून पाठवलं तर ते कोपरे मोडून पोचतं आणि गिऱ्हाइकाला परत करायला आयतं कारण मिळतं.

परत आलेल्या सेटबद्दल. ही फसवणूक जुनी आहे. हेअर ड्रायरने सील उकलायचं, आतला माल काढून घ्यायचा, वजन भरायला दुसरंच काही कोंबायचं. कॅलिफोर्नियात अलीकडे एकजण खोक्यांत सुका पास्ता भरून दुकानाला परत करताना पकडला गेला, हलवल्यावर आवाज तसाच येतो ना! ईबेचा कल भांडणात गिऱ्हाइकाकडे असतो, त्यामुळे पुरावा विकण्याआधी तयार लागतो. प्रत्येक खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येक सीलचा जवळून, त्यावरचा उत्पादनाचा कोड वाचता येईल असा. मग खोकं काट्यावर ठेवा, आकडा दिसेल असं शूट करा, आणि कॅमेरा बंद न करता तिथेच पॅक करून लेबल चिकटवा. 750 डॉलर किंवा वरचा माल असेल तर पोचल्याची सही घेणारी सेवाच निवडा, नाहीतर विक्रेत्याचं संरक्षण मिळत नाही. जो सेट आत्ता बदलून आलाय त्याची तक्रार फोटोंसह आजच नोंदवा. पार्सल टपालाने आलं असेल तर टपालखात्याच्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस या तपास विभागाकडेही नोंदवा.

याच कारणासाठी स्वतः आता नवीन काही घेऊ नका, विशेषतः स्वस्तात मिळतंय म्हणून. 2024 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांना लाँग बीचमधल्या एका घरात दुकानांतून चोरलेले 2,800 हून जास्त सेट सापडले होते. असा माल शेवटी कुणाच्या तरी लिस्टिंगमधूनच बाहेर पडतो.

आणि सीलबंद म्हणजे आत सगळं ठणठणीत, असं नसतं. 2010 च्या आगेमागे काही वर्षांत निघालेले तांबूस तपकिरी आणि गडद लाल तुकडे इतके ठिसूळ निघाले की जोडताना चुटकन तुटतात. स्टिकरचा कागद वाळून गोळा होतो, रबर चिकट होतं. बंद खोक्यात हे कोणालाच दिसत नाही; फोडणाऱ्याला दिसतं आणि तो तुम्हाला पत्र लिहितो. एकावर एक आठ खोकी रचली असतील तर आजच उतरवा, खालची दोन बसली असतील. उभी ठेवा, पुस्तकांसारखी, खिडकीपासून लांब.

नाशिकचा बेत सोडून द्या. खेळण्यांवरची आयात ड्यूटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. त्यात 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि तुमच्या न्यू जर्सीच्या दुकानातून आलेल्या खोक्यावर ती नसणार. ईबेची भारतातली बाजारपेठ 2018 मध्येच बंद झाली. भाऊ विकणार म्हणजे ओएलएक्सवर नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर, घासाघीस करत. मधल्या काळात खोकी राहणार माळ्यावर, आणि नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसात पुठ्ठा कसा होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पुतण्याला एखादा सेट बॅगेतून न्या, त्यात आनंद आहे. धंदा नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची नाही. नऊ वर्षांच्या मुलीला खेळण्यांची भिंत दाखवायची आणि ही तुझी फी आहे म्हणायचं, म्हणजे तिने हात लावला तर स्वतःचंच नुकसान केलं असं तिला वाटणार. फीसाठी 529 खातं आहे, शिक्षणासाठीच्या बचतीचं. विक्रीतून येईल ते त्यात टाका, त्याला बेडरूम लागत नाही. आणि एक सेट तिच्यासमोर, तिच्या हातानं फोडा. साठात लायन नाइट्सचा किल्ला असेलच, 2022 मध्ये आलेला, 4,514 तुकड्यांचा, उचलता येणारा पूल आणि तटाच्या आत स्वयंपाकघरसुद्धा असलेला. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला तुम्ही अंगणात माती कालवून किल्ला केला असेल, अळीव पेरले असतील. इथे अपार्टमेंटच्या बाल्कनीत माती कोण करू देणार? यंदा हा किल्ला करा. मावळे आई-बाबांना आणायला सांगा, मातीचे, चार-पाच. ते डिसेंबरात पोचतील, दिवाळी होऊन गेलेली असेल. किल्ला तसाच ठेवा तोवर. इंग्रजी सरदारांच्या तटावर आपला मावळा चढलेला बघून आजोबा नातीला निदान आठवडाभर गोष्टी पुरवतील. तो सेट नसेल तर तिला खोलीत न्या आणि म्हणा, कुठलाही निवड, किंमत विचारू नकोस. तिने ताजमहाल निवडला तरी तोंड वाकडं करायचं नाही.

वेळेचं गणित तुमच्या बाजूचं आहे. बंद झालेल्या सेटना मागणी नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत असते, आणि खोलीही तेव्हाच लागणार आहे. ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात दुकानात मिळणारे सेट लिस्ट करू नका, तेव्हा दुकानंच भाव पाडतात. ते त्याआधी काढा. वकिलाचा होकार आला की आधी दुबार नग, मग सगळ्यात मोठी खोकी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जे उरेल ते भाव दहा टक्क्यांनी उतरवून काढून टाका, आणि तरीही राहिलं तर जवळच्या ग्रंथालयाला किंवा मुलांच्या रुग्णालयाला विचारा, सीलबंद खेळणी ते आनंदाने घेतात. गादी मात्र आत्ताच मागवून ठेवा. वडिलांची कंबर दुखत असेल तर फार मऊ नको.